आधी अनोळखी माणसाला फोन करा, मग बोलायची भीती घालवू!



"तुझ्याकडे इन्शुरन्स आहे ना? मग एखादा थेरपिस्ट गाठ की!" हे वाक्य आपल्या पुरोगामी वर्तुळात हल्ली फार सहज ऐकू येतं. पूर्वी 'मानसोपचार' हा शब्द काढला की लोक आवाज खाली करत. त्या मानाने ही प्रगतीच म्हणायची. पण या वाक्यात एक गृहीतक दडलेलं आहे: दार उघडंच आहे, फक्त पेशंटने आत पाऊल टाकायचं बाकी आहे. सोशल अँग्झायटी, म्हणजे चारचौघांची, त्यांच्या नजरेची आणि ते आपल्याबद्दल काय मत करून घेतील याची सतत छळणारी भीती, या आजाराच्या बाबतीत हे गृहीतक साफ खोटं आहे. अमेरिकेत या आजारावर उपचार मिळवायचे तर आधी तो आजार नसावा लागतो!

अतिशयोक्ती वाटते? मग मायकेल लीबोविट्झ या मानसोपचारतज्ज्ञाने १९८७ साली तयार केलेली प्रश्नावली पाहा. हा आजार किती तीव्र आहे हे मोजायला ती आजही वापरतात. तिच्यात २४ प्रसंग दिले आहेत आणि प्रत्येक प्रसंगाची किती भीती वाटते, तो किती वेळा टाळता, असं विचारलं आहे. त्यातला एक प्रसंग आहे 'फारशी ओळख नसलेल्या माणसाला फोन करणे'. आता थेरपिस्ट मिळवण्याची पद्धत काय, तर इन्शुरन्सच्या वेबसाइटवरून यादी काढायची आणि फारशी ओळख नसलेल्या माणसांना एकामागून एक फोन करायचे. व्हॉइसमेलवर आपलं सगळ्यात लाजिरवाणं दुःख तीस सेकंदांत सांगायचं. नकार ऐकायचा. पुन्हा पुढचा नंबर. लंगड्या माणसाला सांगावं, की डॉक्टर पाचव्या मजल्यावर आहेत, लिफ्ट बंद आहे, पण तुमच्यासाठी दार उघडंच आहे, तसा हा प्रकार.

मी हे ऐकीव सांगत नाही. मी १९९९ साली नवऱ्याच्या मागोमाग एच-४ व्हिसावर न्यू जर्सीत आले. २०१६ साली थेरपिस्ट शोधायला लागले, तेव्हा माझ्या यादीत ३४ नावं होती. त्यातले ९ फोन मी केले आणि त्या ९ फोनना मला चार महिने लागले. आधी कागदावर वाक्यं लिहायची, ती मोठ्याने वाचून बघायची, नंबर फिरवायचा आणि पलीकडे रिंग वाजली की बंद करायचा. उरलेले २५ फोन एका मैत्रिणीने केले, दोन शनिवार सकाळी, माझ्याच टेबलाशी बसून, कॉफी पीत पीत. ३४ फोनांचा हिशेब असा: ३ नंबर बंद होते. १ नंबर दुसऱ्याच कुणाचा होता. १२ जण नवे पेशंट घेत नव्हते. ५ जणांनी आमचा इन्शुरन्स घेणं केव्हाच सोडलं होतं. ११ जणांनी निरोपाला उत्तरच दिलं नाही. उरलेल्या दोघांपैकी एक दीड तासावर होता आणि दुसऱ्याने प्रामाणिकपणे सांगितलं, की या आजारावरची खास पद्धत मला येत नाही. शेवटी उपचार मिळाले ते एका विद्यापीठाच्या ट्रेनिंग क्लिनिकमध्ये, कमी फीमध्ये आणि यादीच्या बाहेर!

हे माझंच दुर्दैव होतं असं कुणी म्हणू नये. न्यूयॉर्क राज्याच्या ॲटर्नी जनरलच्या कार्यालयाने डिसेंबर २०२३ मध्ये अहवाल काढला. १३ विमा योजनांच्या याद्यांमधल्या जवळपास ४०० मानसोपचारकांना त्यांनी फोन करून पाहिले. त्यातले ८६ टक्के 'भुताटकीचे' निघाले: फोन लागत नाही, विमा घेत नाहीत किंवा नवे पेशंट घेत नाहीत. त्याच वर्षी मे महिन्यात सिनेटच्या फायनान्स कमिटीने वृद्धांच्या खाजगी मेडिकेअर योजनांची अशीच चाचणी घेतली. १२० नोंदींपैकी फक्त १८ टक्के ठिकाणी अपॉइंटमेंट मिळू शकली. लक्षात घ्या, हे फोन पगारी कर्मचाऱ्यांनी केले होते. त्यांचे तळहात घामाने भिजत नव्हते.

कायदा नाही म्हणून हे चालतं असंही नाही. शारीरिक आणि मानसिक आजारांना विम्यात समान वागणूक द्यावी हा कायदा २००८ साली झाला. विमा कंपन्यांनी आपल्या याद्या दर ९० दिवसांनी तपासाव्यात आणि यादीतल्या चुकीमुळे पेशंटला जास्त पैसे पडले तर तो भार त्याच्यावर टाकू नये, हा नियम २०२२ पासून लागू आहे. मग याद्या खोट्या का राहतात? कारण खोटी यादी ठेवणं स्वस्त आहे. जो पेशंट दहाव्या फोननंतर थकतो, त्याचा क्लेम कधी येतच नाही. आणि तक्रार कुणी करायची? तर ज्याला तक्रार करण्याची, भांडण्याची, 'तुमच्या मॅनेजरला द्या' म्हणण्याची सगळ्यात जास्त भीती वाटते, त्याने! विमा कंपनीला याहून सोयीचा ग्राहक शोधून सापडणार नाही.

पण सगळं खापर विमा कंपन्यांवर फोडून आपण मोकळे होऊ नये. आपल्या घरात काय चालतं?

आपल्याकडे या आजाराला आजार म्हणायच्या आधी दहा गोंडस शब्द आहेत. लाजाळू, बुजरा, भिडस्त, अबोल, माणूसघाणा. मुलगी असेल तर 'शांत आहे हो', मुलगा असेल तर 'अभ्यासू आहे'. 'भीड भिकेची बहीण' ही म्हण मात्र त्याच तोंडाने ऐकवायची! माझ्याबद्दल मंडळात वर्षानुवर्षं एकच बोललं जायचं: "किती कामसू! आल्यापासून स्वयंपाकघरातच असते." मी स्वयंपाकघरात असायचे कारण तिथे पाठ लोकांकडे आणि तोंड सिंककडे ठेवता येतं. डेव्हिड क्लार्क आणि एड्रियन वेल्स या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञांनी १९९५ साली या आजाराची जी मांडणी केली, तिच्यात अशा युक्त्यांना 'सुरक्षेसाठीचं वागणं' म्हटलं आहे. या युक्त्यांमुळे तेवढा प्रसंग निभावतो, पण भीती जिवंत राहते, कारण 'बोलले असते तर काय झालं असतं' हे कधी कळतच नाही. आता तुमच्या मंडळातले चेहरे आठवा. कायम कॅमेऱ्यामागे उभा राहणारा गृहस्थ. कायम साउंड सिस्टिमपाशी बसणारा पोरगा. कडाक्याच्या थंडीत पार्किंगची ड्यूटी आपणहून मागणारे काका. सगळेच आजारी असतील असं मी म्हणत नाही. पण अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेच्या म्हणण्यानुसार इथल्या सुमारे १२ टक्के प्रौढांना आयुष्यात कधी ना कधी हा त्रास होतो. मराठी माणूसच तेवढा सुटला असेल, असं मानायला काही कारण दिसत नाही.

आणि आपला उपाय काय? स्टेज! गणपतीत मुलाला ढकलून उभं करायचं, दोन ओळी म्हणायला लावायच्या, अडखळला की सगळ्यांनी 'सो क्यूट' म्हणून हसायचं. हा आजार बहुतेकांना साधारण तेराव्या वर्षाच्या आसपास धरतो. नेमक्या त्याच वयात आपण हा प्रयोग करतो. भीतीला सामोरं जाणं हा उपचाराचा भाग आहे हे खरं, पण तो टप्प्याटप्प्याने, पेशंटच्या संमतीने आणि मागे समजून घेणारं कुणीतरी उभं असताना करायचा असतो. आपल्या गावाकडे विहिरीत पोहायला शिकवतानासुद्धा पाठीला वाळका भोपळा किंवा रिकामा डबा बांधतात. तेवढी अक्कल आपण मंडळाच्या स्टेजवर वापरत नाही.

आता माझ्या पुरोगामी मित्रांकडे वळते, कारण त्यांचा आक्षेप जास्त हुशार आहे. ते म्हणतात, "अगं, हा आजार औषध कंपन्यांनी बनवला. लाजाळूपणाला लेबल लावून गोळ्या विकल्या." या म्हणण्यात तथ्य आहे आणि ते मी नाकारत नाही. १९९९ साली पॅक्सिल या गोळीला सोशल अँग्झायटीसाठी मान्यता मिळाली आणि त्या सुमारास माणसांचीच ॲलर्जी असावी अशा कल्पनेवर बेतलेल्या जाहिराती झळकल्या. ख्रिस्तोफर लेन यांनी २००७ साली 'शायनेस' नावाचं पुस्तकच या विषयावर लिहिलं. पुढे २०१२ साली ग्लॅक्सोस्मिथक्लाइन कंपनीने गुन्हा कबूल करून एकूण ३ अब्ज डॉलर भरले. त्या प्रकरणात मुलांसाठी मान्यता नसताना पॅक्सिलचा प्रचार केल्याचा मुद्दाही होता. म्हणजे कंपन्यांबद्दलचा राग रास्तच आहे.

पण त्यातून निघणारा निष्कर्ष चुकीचा आहे. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या अधिकृत यादीत 'सोशल फोबिया' १९८० साली आला, त्या जाहिरातींच्या जवळजवळ दोन दशकं आधी. लीबोविट्झ आणि सहकाऱ्यांनी १९८५ साली त्यावर लेख लिहिला तो 'दुर्लक्षित आजार' म्हणून. आणखी मागे जा. आपल्या विवेकवादी मंडळींना प्रिय असलेले अल्बर्ट एलिस एकोणीस वर्षांचे असताना मुलींशी बोलायला इतके घाबरत, की त्यांनी स्वतःवरच प्रयोग केला. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातल्या बोटॅनिकल गार्डनमध्ये बाकावर बसलेल्या शंभराहून अधिक स्त्रियांशी त्यांनी महिनाभरात बोलणं काढलं. भेटायला कबूल झाली एकच आणि तीही आली नाही! पण आकाश कोसळलं नाही, हे एलिसना कळलं. तेव्हा कुठली गोळी होती आणि कुठली जाहिरात? ज्या एलिसचा विवेकनिष्ठ विचार कि. मो. फडके यांनी मराठीत रुजवला, त्या विचाराचं एक मूळच या भीतीत आहे. विकणाऱ्याने दुखणं फुगवून सांगितलं म्हणून दुखणाऱ्याचं दुखणं खोटं ठरत नाही.

उलट खरा औषध-कंपनीविरोधी असेल त्याने तर बोलण्याच्या उपचारासाठी भांडायला हवं. इंग्लंडच्या 'नाइस' या संस्थेने २०१३ साली या आजारासाठी जी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात मोठ्या माणसांसाठी पहिला उपचार सांगितला तो खास या आजारासाठी घडवलेल्या, एकेकट्याला द्यायच्या कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपीचा. साधारण चार महिने, चौदा ते सोळा बैठका. ती नको असेल तर पुढे गोळ्यांचा विचार. आपल्याकडे प्रत्यक्षात उलटं घडतं. फॅमिली डॉक्टरकडे पंधरा मिनिटांत गोळीचं प्रिस्क्रिप्शन मिळतं, ते विम्यात बसतं. बोलण्याचा उपचार करणारा मात्र एका बैठकीचे दीडशे-दोनशे डॉलर सांगतो आणि विमा घेत नाही. गोळ्यांना माझा विरोध नाही. त्यांनी कित्येकांना खरोखर बरं वाटतं आणि चालू असतील तर डॉक्टरांना न विचारता बंद करू नयेत. पण दुसरा दरवाजा बंद असताना पहिल्यातून जाणाऱ्याला 'तुझी निवड' म्हणणं ही थट्टा आहे.

आणखी एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. या उपचारात शिकवतात, की लोक तुमच्याकडे तुम्हाला वाटतं तेवढं बघत नसतात. बहुतेक वेळा ते खरंच असतं. मला इंडियन ग्रोसरीत जाऊन मुद्दाम कोथिंबिरीचा भाव दोनदा विचारून न घेता परत यायला सांगितलं होतं. दुकानदाराने वरसुद्धा पाहिलं नाही! पण आपल्या मराठी बैठकीत लोक खरोखर बघतात. आडनाव विचारतात, ते कळलं नाही तर गाव विचारतात. 'आनि', 'पानी' ऐकलं की एकमेकांकडे पाहून हसतात. मराठवाड्यातून एम.एस.साठी आलेला एक मुलगा माझ्या ओळखीचा आहे. लॅबमध्ये तो इंग्रजीत खुशाल बोलतो आणि मराठी माणसांत तोंड उघडत नाही. त्याच्या भीतीला 'चुकीचा विचार' म्हणणारा थेरपिस्ट अर्धंच पाहतो. आणि इथल्या थेरपिस्टला स्वतःबद्दल सांगण्याआधी त्या मुलाने त्याला जात म्हणजे काय हे शिकवत बसायचं का? तेही आपल्या पैशाने, पन्नास मिनिटांच्या बैठकीत? त्याच्या दुखण्याचा जेवढा भाग आपण घडवला आहे, तेवढ्यावरचा उपचार कुठल्याही क्लिनिकमध्ये नाही. तो आपल्याच दिवाणखान्यात आहे.

शिवाय अफवा आहेत. 'थेरपी घेतली तर ग्रीन कार्ड अडकतं', 'कंपनीला कळतं' वगैरे. ग्रीन कार्डच्या वैद्यकीय तपासणीत प्रश्न असतो तो मानसिक आजारातून स्वतःला किंवा इतरांना धोका होईल असं वागणं घडतं का, याचा. चारचौघांत बोलायला घाबरणं त्यात बसत नाही. 'हिपा' या १९९६ च्या कायद्यामुळे थेरपिस्ट तुमच्या मॅनेजरला काही सांगू शकत नाही. खरी अडचण वेगळीच आहे आणि तिच्याबद्दल कुणी बोलत नाही. विमा नवऱ्याच्या नावावर असेल, तर बायकोच्या उपचाराचं विवरण, 'एक्स्प्लनेशन ऑफ बेनिफिट्स', सहसा नवऱ्याच्या नावाने येतं. ज्या घरात 'तुला कसली अँग्झायटी, दिवसभर घरीच तर असतेस' हे ऐकावं लागतं, त्या घरातल्या एच-४ वरच्या बाईसाठी तो कागद म्हणजे भिंतच. तो कागद उघड झाल्याने आपल्याला धोका आहे असं कळवलं, तर विमा कंपनीला तो दुसऱ्या पत्त्यावर पाठवावा लागतो, ही सोय त्याच 'हिपा'त आहे. पण हे तिला सांगणार कोण?

म्हणून माझ्या मागण्या साध्या आहेत आणि त्या सरकारच्या आधी आपल्याकडे आहेत.

१. फोन आपण करू. 'नवे पेशंट घेता का, हा विमा घेता का, सोशल अँग्झायटीसाठीची खास थेरपी येते का' हे तीन प्रश्न विचारायला पेशंटचं नावही सांगावं लागत नाही. विमा कंपनीशी बोलायचं असेल तेव्हा पेशंटने सुरुवातीला संमती द्यावी, पुढचं मित्राने बोलावं. "पण स्वतः फोन करणं हाच तर उपचार," असं कुणी म्हणेल. बरोबर, पण तो उपचार थेरपिस्ट मिळाल्यावर सुरू होतो. पोहायला शिकल्याचं सर्टिफिकेट मागून कुणी पोहण्याच्या क्लासला प्रवेश देत नाही.

२. तक्रार आपण लिहू. यादीत कुणीच उपलब्ध नसेल तर बाहेरचा थेरपिस्ट यादीतल्या दराने मंजूर करा, अशी लेखी मागणी करता येते. केलेल्या फोनांची तारीखवार नोंद जोडली की ती मागणी झटकणं कठीण जातं. त्याउपर राज्याच्या विमा खात्याकडे आणि मोठ्या कंपनीची स्वतःच्या पैशावर चालणारी योजना असेल तर केंद्राच्या कामगार खात्याकडे तक्रार जाते. आपल्यातल्या किती जणांना ऑफिसात कडक ई-मेल लिहिण्याचा सराव आहे! तो इथे लावा.

३. ट्रेनिंग क्लिनिक, एबीसीटी आणि एडीएए या संस्थांच्या थेरपिस्टांच्या याद्या, न्यू जर्सीतली दक्षिण आशियाई लोकांसाठीची 'साम्हिन' ही संस्था, नोकरीच्या ठिकाणच्या एम्प्लॉयी असिस्टन्स प्रोग्रॅममधल्या मोफत बैठका, ही माहिती मंडळांनी गणपतीच्या स्मरणिकेत छापावी. सोन्याच्या दुकानाची पानभर जाहिरात छापतो, तर ही अर्धं पान मावेल.

४. मुलांना स्टेजवर ढकलणं, आडनावं चाचपणं, उच्चारांवर हसणं बंद. यासाठी ना निधी लागतो ना ठराव.

'मागितली असती तर मदत केली असती' हे वाक्य मात्र कृपा करून कुणी वापरू नका. मागता न येणं हाच हा आजार आहे. तेव्हा मदत आधी आपण देऊ करायची, तीही चारचौघांत नव्हे तर एकट्याला गाठून, हळू आवाजात: "तुझ्यासाठी शनिवारी दोन तास फोन करायला बसू का?"

सस्नेह,
न्यू जर्सीतली तुमची एक मैत्रीण